शिधा कुणाचा?

भर पंगतीत उभं राहून 'तांदूळ कुणाचा?' असं विचारणारा माणूस अख्ख्या मावळात एकच होता, आणि तो नेमका माझा थोरला चुलता होता. आबा मूळचे वडिवळ्याचे. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मासिक काढलं. लिहिणारे तेच, गठ्ठे सायकलला बांधून वाटणारेही तेच. गावच्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीर वाढण्याआधी दूध कुणाचं, तांदूळ कुणाचा, गूळ कुणाचा, हे माइकवरून सांगतात. तो पुकारा वर्षानुवर्षं आबांचा; आधी पंगतीत उभं राहून विचारायचं, मग माइकवरून सांगायचं. हीच रीत त्यांनी मासिकाला लावली. प्रत्येक लेखाखाली 'शिधा' अशी ओळ, आणि पुढे त्या कामाला पैसा कुणी पुरवला ते.

अलीकडे त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेने झपाटलं होतं. गुळगुळीत मासिकं ते मागच्या पानापासून वाचत. आत एखाद्या यंत्राची आरती आणि मागच्या कव्हरवर त्याच यंत्रवाल्याची जाहिरात दिसली, की मांडीवर थाप मारत. "खीर बी त्याचीच, अन् ग्वाड झाली म्हननारा बी त्योच!" एकदा माझ्या फोनमधल्या एआयलाच त्यांनी विचारलं, "तुला जेवाय कोन घालतं रं?" त्याने लांबलचक, अदबशीर उत्तर दिलं. आबा म्हणाले, "लय ग्वाड बोलतंय. सरपंच व्हईल." मी संगणक कंपनीत नोकरीला, त्यामुळे हे टोमणे माझ्याच वाट्याचे असत.

पुढे मासिक डबघाईला आलं. छपाई बंद पडणार, तेवढ्यात एका संशोधन संस्थेचे साहेब घरी आले. भातावरचा रोग फोटोवरून ओळखणारं यंत्र ते बनवत होते. आबांनी त्यावर लिहावं, संस्था वर्षभर जाहिरात देईल. आबांनी यंत्र पाहिलं, संस्थेला पैसा कोण पुरवतं ते विचारून घेतलं, मनापासून तारीफ लिहिली आणि खाली ओळ टाकली, 'शिधा: भातावरचं औषध विकणाऱ्या कंपनीचा.'

"आबा, तेवढी ओळ काढू या," साहेब म्हणाले. "उगीच गैरसमज होतो लोकांचा."

"यंत्र चांगलं हाय, तसं लिवलंय. पर फवारा म्हननारा अन् औषध इकनारा एकाच घरचा, ह्ये आमच्या मानसाला कळाय नगं व्हय? ओळ न्हाई निघायची. च्या घ्या."

साहेब चहा न घेताच गेले, जाहिरातही गेली. मला राहवेना. मी छापखान्यात परस्पर पैसे भरले आणि आबांना सांगू नका म्हणून बजावलं. अंक निघाला. शेवटच्या पानाच्या तळाशी होतं, 'या अंकाचा शिधा: माझ्या पुतण्याचा. तो संगणक कंपनीत आहे. सबब, अंकात संगणकाचं कौतुक आढळल्यास जपून वाचावे.'

मी तणतणत फोन केला. "रागावतुस कशापायी? तुजा पुकारा केला," आबा म्हणाले. "त्यो तर मान असतोय."

तो शेवटचा अंक. थंडीत आबा गेले. यंदा बुद्धपौर्णिमेला वडिवळ्याला गेलो, तर पुकारा न करताच खीर वाढायला सुरुवात झालेली. आबांच्या जागी कुणी उभंच राहिलं नव्हतं. मला ते सहन होईना. भर पंगतीत उठलो आणि जमेल तेवढ्या मोठ्याने विचारलं, "तांदूळ कुणाचा?"

सगळे वाढपी थबकले. मागून एक म्हातारी मावशी शेजारणीला म्हणाली, "आबाच्या घरचा दिसतोय."