कोळणीची अकरा मिनिटं

सुक्या बोंबलांचा वास आला की गृहविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षातली अर्नाळ्याची एक सकाळ आठवते. एका आईच्या कामांची मिनिटागणिक नोंद करायची होती, वीस गुणांसाठी; मदत केली तर नोंद बाद, असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. मी नोंदीसाठी निवडलेली, बांबूवर बोंबील वाळत घालणारी कोळीण चार तासांत एकदाही बसली नव्हती. तेवढ्यात घरात तिचं तान्हं रडायला लागलं. "बाय, नुसती लिवत काय बसलीस? हे बोंबील घाल, तुजं घड्याळ नाय नासत!" मी वही ठेवून उठले. तिने अकरा मिनिटं बसून बाळाला पाजलं. लपवता आलं असतं, पण मदत केल्याचंही मी वहीत लिहिलं. मॅडमनी शून्य दिलं आणि त्या वर्षी माझा पहिला वर्ग सात गुणांनी हुकला. ते वीस गुण मी त्या कोळणीला दिले, असंच आजही धरते.