व्हिसावरचा प्लंबर आणि माझ्या फॉर्ममधला रिकामा चौकोन

साल दोन हजार, नोव्हेंबरातला गुरुवार. दुबईत, अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर अमेरिकेतल्या तीन कॉलेजांचे फॉर्म पसरले होते, आणि आई सारखी म्हणत होती, "आमटी सांडेल, उचला ते."

सगळं भरून झालं होतं... एक चौकोन सोडून. इंटेंडेड मेजर. म्हणजे पुढे कुठला विषय घेऊन शिकणार. मी सतरा वर्षांची होते आणि मला खरंच माहीत नव्हतं. तीनच फॉर्म होते. तिन्हीकडून नकार आला तर जूनमध्ये बॅग भरून सांगलीला काकूकडे, एवढं मात्र ठरलेलं होतं.

माझे सॅट परीक्षेचे मार्क त्याच आठवड्यात आले होते. आठशेपैकी इंग्रजीत सातशे तीस, गणितात सहाशे दहा. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना दाखवले. ते म्हणाले, इंजिनिअरिंग लिहिलंस तर कॉलेजवाले आधी गणित बघतील आणि सहाशे दहा कमी पडतील. भाषा किंवा इतिहास लिहिलास तर हेच मार्क चांगले दिसतील. काही कॉलेजं मेजरकडे बघतच नाहीत म्हणे... पण कुठली, ते सरांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

बाबांना हे पटेना. ते सांगलीत डिप्लोमा करून इथे आलेले ड्राफ्ट्समन. त्यांच्या डोक्यात आधी मार्क, मग मेरिट लिस्ट, मग ब्रँच. "मार्क तेच, पोरगी तीच, आणि एक शब्द बदलला की निकाल वेगळा? मग परीक्षा घेतात कशाला?"

वरच्या मजल्यावरचे देशपांडे काका चहाला आले होते. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "गर्दी नसलेलं काहीतरी लिही. जिऑलॉजी लिही. आत शिरलीस की बदल, खलास."

"आणि बदलू दिलं नाही तर?" आईने विचारलं.

"तर दगड फोडेल, वहिनी."

आई हसली. बाबा हसले नाहीत. "सिव्हिल लिही," ते मला म्हणाले. "नाहीतर एवढ्या लांब जायचंच कशाला?" कॉलेजच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं की इंजिनिअरिंगला नंतर बदलून जाणं अवघड असतं. म्हणजे सिव्हिल लिहिलं तर गणित आडवं येणार आणि नाही लिहिलं तर ते दार बंद... मी जितकं वाचत होते, तितकी गोंधळत होते.

संध्याकाळी बाबा मला घेऊन टायपिंग सेंटरला गेले. दुबईत व्हिसाचे, सरकारी सगळे कागद तिथेच टाइप करून घ्यायची पद्धत. अमेरिकेचा कागद झाला तरी कागदच, असं बाबांचं मत. पासपोर्टच्या झेरॉक्स आणि पांढऱ्या बॅकग्राउंडचे आठ फोटोही त्यांनी बरोबर घेतले होते. कॉलेजने एकही मागितला नव्हता.

उस्मानभाई वर्षानुवर्षं आमचे कागद टाइप करत आले होते. भराभर टाइप करत ते त्या चौकोनापाशी थांबले. "ये खाली नहीं छोड़ने का. खाली देखा तो कागज़ वापस."

"बाबा, आय डोन्ट नो," मी हळूच म्हणाले. आता बाबा सिव्हिल लिहायला सांगणार, असं मी धरूनच चालले होते.

उस्मानभाईंनी सवयीने बाबांच्या पासपोर्टची झेरॉक्स पुढे ओढली. "बाप का प्रोफेशन डाल दूँ?" मग स्वतःच हसले. "आपको भी तो मैंने ही प्लंबर बनाया था, याद है?"

मला काही कळेना. बाबांनी झेरॉक्स उलटी करून ठेवली. मग त्यांनी सांगितलं. ते पहिल्यांदा आले त्या वर्षी कंपनीकडे ड्राफ्ट्समनचा व्हिसा शिल्लक नव्हता, प्लंबरचा होता. म्हणून कागदावर प्लंबर. दिवसभर काम ड्रॉइंग बोर्डवर... पण त्या व्हिसावर बायकोमुलांना आणता येत नव्हतं. तो एक शब्द बदलून मिळायला चार वर्षं लागली.

मी पाच वर्षांची होईपर्यंत बाबा मला फक्त फोटोत ठाऊक होते. मला वाटायचं, त्यांना घर मिळत नव्हतं म्हणून ते आम्हाला नेत नव्हते.

"जो नहीं है वो मत लिखो, उस्मानभाई," बाबा म्हणाले. "उसको मालूम नहीं है, तो वही लिखो."

"अनडिसायडेड? रिजेक्ट हो जाएगी."

"होने दो." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "नसलेलं काही चिकटलं की सोडवायला फार वर्षं जातात, बाळा."

तिन्ही फॉर्मवर तेच टाइप झालं. गाडीत बसल्यावर मात्र बाबा म्हणाले, "पण सिव्हिलचा विचार कर हं."

एप्रिलमध्ये दोन पातळ पाकिटं आली आणि एक जाड. पातळ पाकिटांत नकार होते. जाड पाकीट आईने देवासमोर ठेवलं, उघडायच्या आधीच. कॉलेजात दीड वर्ष मी अनडिसायडेडच होते, मग भाषाशास्त्र घेतलं. त्यांनी मला का घेतलं, हे आजही कळलेलं नाही... त्या सातशे तीसमुळे, की मेजरकडे बघतच नव्हते म्हणून, की नुसतीच जागा होती. बाकीच्या दोन कॉलेजांनी का नाही घेतलं, तेही नाही. एवढंच कळतं, की ज्या माणसाला एका शब्दाने चार वर्षं एकटं ठेवलं, त्याने मला 'माहीत नाही' हा शब्द लिहू दिला.

आईबाबा आता सांगलीत असतात. गेल्या महिन्यात गेले होते तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि बाबा फोनवर प्लंबरच्या विनवण्या करत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हीच बघा की."

"माझा व्हिसा संपला," बाबा म्हणाले आणि नळाखाली बादली सरकवली.