देवकीमावशीचं भाषांतर

देवकीमावशी व्यासपीठावर चढताना चपला खाली काढून ठेवायची. हॉटेल पंचतारांकित असो, सभागृहात घोटा बुडेल असा गालिचा असो, तिचा हा नेम कधी चुकला नाही. भाषण संपलं की चपला जागेवर नसायच्या, कारण तिथल्या सफाईवाल्यांना त्या कचरा वाटायच्या. मग गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, इस्त्रीचा कुर्ता घातलेली मी हॉटेलच्या मागच्या बाजूला डबे उघडून तिच्या निळ्या रबरी चपला शोधत फिरायची. "पायात राहू दे ना गं," असं मी दर वेळी तिला सांगितलं. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "चार लोकांसमोर खरं बोलायचं, तर चपला घालून कशाला बोलू?"

ती बोईसरजवळच्या, समुद्रकाठच्या नवापूरची. साठीची, काटक, आवाज किनाऱ्यावरून बोटीपर्यंत पोचेल असा. अंगणात बोंबील वाळवायचे आणि ओहोटी लागली की खडकांवरचे शिंपले फोडून त्यांतली कालवं आणायची, हे तिचं लहानपणापासूनचं काम. मी सरावलीची. माझे वडील बोईसरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. मी पालघरच्या एका पर्यावरण संस्थेत नोकरीला लागले होते आणि स्वतःला नेता समजत होते. समजण्यासारखं कारणही होतं. कॉलेजच्या तीन वर्षांत मी पाच युवा नेतृत्व शिबिरं केली होती आणि पाचही प्रमाणपत्रं आईने चौकट करून भिंतीवर लावली होती. तिथे आम्हाला शिकवलं होतं की आपली गोष्ट दोन मिनिटांत सांगायची, 'अडचण' म्हणायचं नाही, 'आव्हान' म्हणायचं, आणि शेवट आशेवर करायचा.

संस्थेला परिषदांसाठी 'किनाऱ्याचा आवाज' हवा होता. आमच्या संचालकांनी, त्यांना आम्ही सर म्हणायचो, मला नवापूरला पाठवलं. मी देवकीमावशीला 'तुम्ही' म्हणाले तर ती उखडली. "मला तुमी बोलू नको. मी काय तलाठी हाय?" तेव्हापासून ती माझी मावशी आणि मी तिची डोकेदुखी. की उलटं, ते अजून ठरायचं आहे.

तिला कुठे न्यायचं म्हणजे माझा अर्धा जीव जायचा. सातला गाडी दारात उभी, तर ही आठला अंगणात बोंबील उलटत असायची. "ऊन काय तुझ्या सरांसाठी थांबेल?" गाडीत बसताना मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी. एसी चालू, काचा बंद, आणि मनोरला चहाला थांबेपर्यंत ड्रायव्हर माझ्याकडे आरशातून असा बघायचा की जणू वास माझाच आहे. एकदा तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील एका परदेशी पाहुण्याच्या हातात कौतुकाने ठेवले. त्याने ते दोन बोटांत धरून हसत हसत माझ्याकडे दिले. संध्याकाळपर्यंत मी ते पुडकं घेऊन शाश्वत विकासावरच्या चार सत्रांना बसले.

पण खरा त्रास होता तिच्या प्रश्नाचा. विषय काहीही असो, महिला सक्षमीकरण असो की सौरऊर्जा, मावशीला माईक मिळाला की ती एकच विचारायची. किनाऱ्यावर तीन वेळा लोक आले, कारखान्यांचं पाणी आणणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी पाणी बाटल्यांत भरून घेतलं, कालवं पिशवीत घातली, तिचा फोटो काढला आणि गेले. त्यातून काय निघालं? "बाटल्या भरून नेल्या ना? मग सांगा की! आमाला कोन सांगनार?"

त्या तीनपैकी शेवटची खेप आमच्याच संस्थेची होती. त्या नमुन्यांचा अहवाल येऊन वर्ष होत आलं होतं आणि तो माझ्या लॅपटॉपवर होता. सरांचं म्हणणं होतं की आधी तो परदेशातल्या एका परिषदेत मांडायचा, तोवर बाहेर काढायचा नाही. "उगाच घबराट होईल," ते म्हणायचे. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर, पटवून घेणं सोयीचं होतं. मावशीने प्रश्न विचारला की मी पाण्याचा ग्लास उचलायची.

मुंबईच्या त्या मोठ्या परिषदेत मावशी मराठीत बोलणार आणि मी शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगणार, असं ठरलं. समोर पाचेकशे माणसं. मावशीने चपला काढल्या, माईक खाली ओढला आणि सुरू झाली.

"तुमी सगळे लबाड हाव. पानी नेता, कालवं नेता, आज मला पन उचलून आनलीत. परत काय आनून देता? आमच्या अंगनात येऊन जेवता आणि बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. लाज वाटत नाय?"

तिने माझ्याकडे बघितलं. पहिल्या रांगेत सर बसले होते, त्यांच्या शेजारी संस्थेला देणगी देणारे. मी घसा खाकरला आणि इंग्रजीत म्हणाले की मच्छीमार भगिनी आपल्या सर्वांचे आभार मानतात, आपण त्यांच्या अंगणात आलात याचा त्यांना आनंद आहे आणि शास्त्रज्ञांशी हा संवाद असाच वाढत जावा अशी त्यांची आशा आहे.

सभागृहात टाळ्या कडकडल्या. काही लोक उभे राहिले. मावशी गोंधळून इकडेतिकडे बघू लागली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "मी शिव्या घातल्या गो. ही लोकं टाळ्या कशाला वाजवतात?"

"मोठ्या मनाची आहेत," मी म्हणाले.

येताना गाडीत ती डोळे मिटून बसली. मला वाटलं, दमली असेल.

आठवड्याने आयोजकांनी त्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला. आणि मी काय करावं? मी तो मावशीच्या शेजारच्या मुलीच्या फोनवर स्वतःच्या हाताने पाठवला, 'मावशीला नक्की दाखव' असं लिहून. ती मुलगी बोईसरच्या कॉलेजात शिकत होती आणि तिला इंग्रजी येत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तासाभरात फोन आला.

"काय गो," मावशी म्हणाली. आवाज अगदी शांत होता, आणि तिचा शांत आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "मी आभार कधी मानले?"

मी काहीतरी पुटपुटले. तिथली पद्धत वेगळी असते, सरळ बोललं तर लोक ऐकत नाहीत, मी तुझ्या भल्यासाठीच वगैरे. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "बाटलीतून काय निघालं, ते तुला म्हाईत हाय का?"

हो म्हणायची हिंमत नव्हती आणि नाही म्हणायची लाज वाटली. मी गप्प बसले, आणि तेवढ्यात तिला कळायचं ते कळलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांना न विचारता मी अहवाल छापून घेतला आणि नवापूरची एसटी पकडली. अंगणात मावशी आणि आणखी सात-आठ बायका होत्या. बोंबलांचे मांडव भरलेले होते. मी मधोमध उभी राहून वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर अडकले. शिबिरांत शिकलेलं इंग्रजी मला फाडफाड येत होतं, पण त्या कागदावरचं या बायकांना कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी कागद मिटला आणि म्हणाले, "नाल्याच्या तोंडाजवळच्या खडकांवरची कालवं खाऊ नका. त्यांच्यात जड धातू सापडलेत, ते अंगात साठत जातात. लांबच्या खडकांवर तसं काही दिसलं नाही. पुन्हा तपासणी होईपर्यंत तिथली काढू नका."

"हे कधी कळलं?" एकीने विचारलं.

"वर्ष झालं."

मावशी ओट्यावर बसली होती. तिने हातातली टोपली खाली ठेवली. "माझी सुमन बाळंत झाली तवा मी डबे भरून पाठवले तिला," ती म्हणाली. "त्याच खडकांवरची. जवळची हायत म्हनून. तिला ताकद यावी म्हनून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तवा आली व्हतीस ना गो बारशाला? तूच पाळन्याची दोरी धरलीस."

गेले होते मी. अहवाल तेव्हा आलेला होता.

सुमनचा मुलगा चांगला आहे, शाळेत जातो, डॉक्टरांना दाखवलं तर त्यांना काही वावगं दिसलं नाही. पण हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी त्या अंगणात कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि मी हातात कागद घेऊन उभी होते. मावशीने मला चहा विचारला नाही. नवापूरहून मी चहा न घेता परतले ते तेव्हा पहिल्यांदाच.

संस्थेने मला 'आपले मार्ग वेगळे आहेत' असं कळवलं. मी बोईसरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला लागले. बायकांनी जवळचे खडक सोडले आणि लांबच्या खडकांवर जायला लागल्या, म्हणजे ओहोटीचा अर्धा वेळ चालण्यातच. मावशी बोईसरच्या बाजारात दोनदा दिसली. दोन्ही वेळा तिने मला बघितलं आणि बोंबलांवरच्या माश्या वारायला लागली.

सातआठ महिन्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. कुठल्याशा युवा नेतृत्व परिषदेचे आयोजक होते. देवकीमावशीला बोलवायचं होतं, पण त्या बाई अट घालतात म्हणाले. भाषांतराला सरावलीची अश्विनीच पाहिजे, नाहीतर येणार नाही.

मी गेले. गाडी सातला दारात आणि मावशी आठला अंगणात. संपूर्ण रस्ताभर ती फक्त ड्रायव्हरशी बोलली. सभागृहात वीस-बावीस वर्षांची मुलं, गळ्यात ओळखपत्रं, डोळ्यांत आपण जग बदलणार असल्याचा तो भाव. तो मला चांगला ओळखीचा होता. मावशीने कालवांचं सगळं सांगितलं, बाटल्या, अहवाल, सुमनचे डबे. मी एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत देत गेले. मग तिने माझ्याकडे बोट केलं.

"ही पोरगी. तुमच्यासारखीच शिकलेली. हिला सगळं म्हाईत व्हतं आणि ही आमच्यात येऊन जेवत व्हती. मी बोलले एक आणि हिने सांगितलं दुसरं. हिचं नाव अश्विनी." ती थांबली. "सांग आता."

मी सांगितलं. 'ही मुलगी' असंच म्हणून सांगितलं, आणि शेवटी माझं नाव. सूत्रसंचालकाने घाईघाईने वेळ संपल्याचं जाहीर केलं.

जेवणाला मावशीने दोनदा श्रीखंड घेतलं आणि पुरी वातड असल्याचं आचाऱ्याला बोलावून सांगितलं. तीन-चार मुलं तिच्याभोवती वह्या घेऊन बसली होती. त्यांतली एक मुलगी पुढे दोन सुट्ट्यांत नवापूरला येऊन राहिली, पुन्हा नमुने घेतले, आणि आलेला अहवाल चौथ्या दिवशी अंगणात वाचून दाखवला. मावशीने तिलाही भरपूर छळलं असं ऐकते.

त्या दिवशी परतताना मनोरला गाडी थांबली. मी दोन चहा आणले. मावशीने बशीत ओतून घेतला आणि फुंकर घालत बसली. मला राहवलं नाही.

"मावशी, राग गेला का गं?"

"राग कशाला जाईल?" ती म्हणाली. "हाय तितकाच हाय."

"मग मलाच का बोलावलंस? शेजारची पोरगी होती की. तिला इंग्रजी येतं."

तिने बशी रिकामी केली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू इतका मूर्ख प्रश्न तिला कुठल्याच परिषदेत कुणी विचारला नव्हता.

"तिनं काय केलंय गो? खोटं तू बोललीस. खरं पन तुलाच बोलाय लागनार."