बिनभांड्याचा स्वयंपाक

निमगाव केतकीत आमचं भांड्यांचं दुकान आहे. त्यामुळे लेक शाळेतून आली आणि "आमच्या गाईडमधी बिनभांड्याच्या स्वयंपाकाची स्पर्धा हाय" म्हणाली, तेव्हा तिचे अब्बा म्हणाले, "म्हंजी आता दुकानाला कुलूपच लावायचं म्हण की!"

मला मात्र हसू आलं नाही. लेक आठवीत, सहा मुलींच्या संघाची नायिका. जिंकणारा संघ बारामतीच्या मेळाव्याला जाणार होता आणि तिच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. पण घरात मी तिला गॅसपाशी फिरकू दिलं नव्हतं. भाजेल, सांडेल आणि मुख्य म्हणजे माझ्यासारखं होणार नाही. माझा स्वभावच तसा. दुसऱ्यानं लाटलेली पोळी मला वाकडीच दिसते.

गाईडच्या मॅडमनी पालकांनाही कामाला लावलं. यांच्याकडे गोवऱ्या आणि सरपण, माझ्याकडे मलमपट्टीचा डबा. मग स्पर्धेच्या दिवशी मैदानावर फक्कीची रेघ मारून त्यांनी बजावलं, "पालकांनी रेघेच्या अलीकडंच थांबायचं. कुणी आत आलं, तर त्यांच्या मुलीचा संघ बाद."

रेघेला खेटून आम्ही जो गलका केला, तो काही विचारू नका. "अगं, वारं बघ!" "गोवऱ्या उभ्या लाव!" "फुंक मार की जरा!" एका हातात मोबाईल धरून शूटिंग आणि तोंडानं सूचना. सगळ्या आया उंटावरून शेळ्या हाकत होत्या आणि त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर.

मुलींनी वांगी निखाऱ्यात पुरली, खायला म्हणून आणलेल्या शेंगा भाजून घेतल्या. पानग्यांची कणीक केळीच्या पानावर मळायची आणि पानाच्याच तुकड्यांत दाबून निखाऱ्यावर भाजायची, असा बेत होता. लेकीनं पिठात आळं केलं आणि नळाचं पाणी ओंजळीनं आणून घातलं. एक ओंजळ जास्त झाली. कणीक पानावरून ओघळायला लागली. जास्तीचं पीठ कुणालाच मिळणार नव्हतं.

संघातली एक पोर रडायलाच लागली. लेकीनं मान वर केली आणि थेट माझ्याकडं बघितलं. माझे हात शिवशिवत होते. बाद होण्याचं भान राहिलं नाही, मी पाऊल उचललं. तेवढ्यात तिनं कणकेनं बरबटलेला पंजा पुढं केला आणि ओरडली, "अम्मी, थांब! आमी करतो."

चारचौघांत पोरीनं मला असं कधी अडवलं नव्हतं. आधी रागच आला. मग मी पाऊल मागं घेतलं आणि तोंडही मिटलं. तोंड मिटणं जास्त अवघड गेलं. यांनी माझ्याकडं दोनदा वळून बघितलं.

तिनं मैत्रिणींना भाजलेल्या शेंगा फोडायला बसवलं. दाणे धुतलेल्या दगडावर कुटले आणि ते कूट मूठ मूठ कणकेत घालत गेली. कणीक हळूहळू सावरली. जन्मभर रांधणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. मी आत गेले असते तर शेजारच्या संघाकडं पीठ मागत बसले असते.

पानगे कडेनं करपले, आतून खमंग झाले. मॅडमनी एक मोडून खाल्ला, थांबल्या आणि दुसरा उचलला. शेवटी त्यांनी लेकीच्या संघाचं नाव पुकारलं. पोरी नाचायला लागल्या. यांनी शेजारच्या आबांना सांगितलं, "आमची हाय ती." आबा रोज आमच्या दुकानात बसतात, पण त्यांना हे तीनदा ऐकावं लागलं.

थोड्या वेळानं मॅडम लेकीला घेऊन माझ्याकडं आल्या. "कुटाची युक्ती तुमचीच ना, ताई? घरी शिकवली असणार."

लेक माझ्याकडं बघत होती. मी हो म्हणाले असते, तरी तिनं खोडून काढलं नसतं.

"न्हाय मॅडम," मी म्हणाले, "मी काय बी शिकवलं न्हाय. मी तर तिला कधी गॅसजवळ येऊ दिलं न्हाय. हे तिचं तिनं केलंय."

मागं उभ्या असलेल्या सगळ्या आयांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं म्हणाले. 'मी नाही केलं' हे एवढ्या तोऱ्यात मी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.