फोडणी द्यायची की नाही

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी शेवगावच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, शर्टाची बाही वर केली आणि डायलिसिसचा सुजलेला हात माझ्यापुढं धरला. "यातनं येक बाटली भरून ने की. तिकडं मशिनी चांगल्या असत्यात."

"बॅगंत लोनच्याला जागा न्हाई आन् म्हनं रक्त!" आई करवादली. रांगेतले लोक हसले. आम्हीही हसलो.

घरात पहिली पदवी माझी. शाळेतल्या बाईंनी स्वतःची पुस्तकं दिली नसती, तर मी जर्मनीला पोहोचलेच नसते. पण गावाला वाटतं, मी किडनीचं औषध आणायला गेलेय. माझं काम फार लहान आहे. अंगातली चरबी फुटली की ग्लिसरॉल सुटतं. त्यातलं काही मूत्रपिंड वापरतं. मूत्रपिंडच थकलं तर ते रक्तात साठतं का, पुढं त्याचं काय होतं, एवढंच मी बघते.

गेल्या महिन्यात अण्णांच्या रिपोर्टमध्ये चरबी जास्त आली. आईनं तेल-तूप बंद केलं. मीठ तर आधीच सुटलेलं. अण्णा ताट सरकवू लागले. व्हिडिओ कॉलवर त्यांचे गाल आत गेलेले दिसतात. नेहमीच्या तपासणीत सुटं ग्लिसरॉलही चरबीतच धरलं जातं. मग तो आकडा खरा की फुगलेला? ते वेगळं मोजून देणारी लॅब धाकट्या भावाला नगरमध्येही सापडली नाही. माझ्या टेबलावर ते रोज मोजलं जातं, नंबर लावलेल्या परक्या माणसांचं.

परवा आईचा फोन आला. "डाळीला फोडणी देऊ का नको, येवढंच सांग."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"थोडं चालंल म्हनले. थोडं म्हंजी किती? दोन घास खाऊन उठत्यात गं ते. येवढं शिकलीस, येवढं तरी सांग."

मी सगळं शिकलेलं आठवून पाहिलं. त्यात अण्णांच्या ताटाबद्दल काहीच नव्हतं.

"एक चमचा घाल," मी म्हणाले. बरोबर सांगितलं का, मला अजून माहीत नाही.

आईनं फोन तसाच चालू ओट्यावर ठेवला. मोहरी तडतडली. पाट सरकला. मग काहीच ऐकू येईना.

तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब आहेत, त्यांना घर विचारलं तर कदाचित गाव सांगतील. मी त्या वेळी लॅबच्या जिन्यात फोन कानाला दाबून उभी होते, अण्णांनी तिसरा घास घेतला का ते ऐकायला. माझं घर आता तेवढंच उरलंय.