दोन वर्षांचं दार

गराजच्या दाराला आतून तळहात लावून पाहिल्याशिवाय दुपार झाली यावर ज्यांचा विश्वास बसत नसे, असे गृहस्थ अख्ख्या ॲरिझोनात एकच असतील, आणि सुदैवानं मी त्यांच्याच घरी भाड्यानं राहत होतो. सुदैवानं हा शब्द मी विचार करून लिहितोय. दोन हजार तीन सालच्या ऑगस्टमध्ये मी फीनिक्सजवळ शिकायला आलो. कारंज्याला बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कुठे काय बोलावं याचा अंदाज मला नेहमीच कमी. घरमालक काकांनी पहिल्या दिवशी खोली दाखवायच्या आधी मला गराजमध्ये नेलं आणि म्हणाले, "लाव हात." मी लावला आणि चटका बसून लगेच काढला. "किती आकडे मोजले?" "एकही नाही, काका." "बरोबर," ते समाधानानं म्हणाले. "एप्रिलात चारपर्यंत जातात." खोली मग काकूंनी दाखवली.

काका मूळचे नागपूरचे, आणि उन्हाच्या बाबतीत त्यांना कोणी काही शिकवलेलं खपत नसे. "हे काय ऊन आहे बे?" ते मला विचारत, जणू ते मीच पाडलं होतं. "आमच्याकडचं ऊन सांगून येते. हे नुसता दरोडा घालते." एवढं बोलून ऑफिसला निघताना मात्र ते लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवत. मायक्रोचिपच्या कारखान्यात ते मोठे इंजिनिअर होते. तिथल्या सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये रोज सकाळी चाव्या, पाकीट आणि एक कांदा जाई. पहिल्या वर्षी तिथल्या गार्डनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला म्हणे, नंतर कांदा नसला तर तोच विचारू लागला, "सर, तब्येत बरी आहे ना?"

आता त्या दाराविषयी सांगायला हवं. घर पश्चिममुखी, दार आधीच्या मालकानं बसवलेलं, लाकडाचं, गडद चॉकलेटी. वाळवंटातल्या उन्हात पश्चिमेला गडद रंगाचं लाकूड लावणं म्हणजे काय हे त्या दाराकडे पाहून कळायचं. फळ्या तडकलेल्या, मधला भाग पोटासारखा पुढे आलेला, आणि खालची रबराची पट्टी तर पापडासारखी कुरकुरीत. गंमत म्हणजे एवढ्या गराजमध्ये गाडी नव्हतीच. गाडी बाहेर उन्हात उभी असे. "ती इथलीच आहे, तिला सवय आहे," काका म्हणत. आत सावलीत राहत ती खोकी. छतापर्यंत खोकी. त्यांत दोनशेवीस व्होल्टचा मिक्सर, दोनशेवीस व्होल्टचा ओव्हन, टेबलफॅन, गुलाबी फुलांचा मोठा डिनर सेट, चादरी, पडदे, आणि नागपूरच्या देवघरासाठी घेतलेली दिव्यांची माळ. यातलं इथे काहीच वापरायचं नव्हतं. हे सगळं परत जातानाचं सामान होतं. काका आणि काकू दोन वर्षांनी परत जाणार होते. मी आलो तेव्हा त्यांना अमेरिकेत अकरा वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं अजून शिल्लकच होती.

काकूंना हे मान्य होतं, पण त्यांचा जीव त्या खोक्यांत अडकलेला होता. वर्ध्याच्या माहेरच्या माणसांना त्या ताटांत कधी जेवायला घालता येईल तेव्हा येईल. इथे पाहुणे आले की कागदी प्लेटा निघत. "अकरा वर्षं तीन वाट्यांत संसार करून राहिली मी," त्या पोळ्या लाटता लाटता मला सांगत. "चांगलं ते सगळं खोक्यात. आणि खोकी भट्टीत." काकांनाही ते कळत होतं. म्हणून तर दार बदलायचं होतं. नागपूरला न्यायचं सामान वाचवायला इथे चांगलं दार हवं होतं, आणि चांगलं दार इथे टिकणार होतं. यापुढे काकांचा विचार कधी सरकत नसे.

विचार सरकत नसला तरी अभ्यास जोरात चालू होता. वेगवेगळ्या दुकानांतून त्यांनी दारांचे हातभर तुकडे नमुना म्हणून आणले आणि एका रविवारी ड्राइव्हवेवर विटांच्या आधारानं ओळीनं उभे केले. प्रत्येकाच्या मागे चमचाभर तूप ठेवलं. ज्याच्यामागचं शेवटी वितळेल ते दार घ्यायचं. काका आत कागद आणायला गेले. ते येईपर्यंत सगळीकडचं तूप सारखंच वितळलं होतं आणि शेजारच्यांचा कुत्रा निकाल चाटत होता. दुसऱ्या रविवारी वाढदिवसाच्या मेणबत्त्या आणल्या. ॲल्युमिनियममागची मेणबत्ती थोड्याच वेळात वाकून नमस्कार करू लागली. लाकडामागची जरा अवघडून उभी राहिली. पण दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेला, फिक्या रंगाचा जो तुकडा होता, त्याच्यामागची मेणबत्ती शाळेतल्या हुशार मुलासारखी ताठ. मी वहीत वेळा लिहीत होतो. काका दर वेळी विचारत, "तुझं काय मत आहे?" आणि मला तोंडी परीक्षेत उभं राहिल्यासारखं वाटे. कारंज्याला आमच्या घराचं दार म्हणजे पत्रा आणि कडी. मी म्हणायचो, "तुम्ही म्हणाल तसं, काका." माझ्या या उत्तरानं कोणाचीच कधी मदत झाली नाही.

मेणबत्तीनं निकाल दिल्यावर त्या दाराचा सेल्समन घरी आला. उंच, घामाघूम, गोड माणूस. त्यानं माप घेतलं, पश्चिमेच्या बाजूला खिडक्या नकोत म्हणाला, खालचं रबर उन्हाला टिकणारं देतो म्हणाला. काका मान डोलावत होते. मग तो कौतुकानं नमुन्याच्या तुकड्यावर थाप मारून बोलला, "सर, हे बसवलं की पंचवीस वर्षं बघायला नको." काकांचा चेहरा उतरला. "ट्वेंटी-फाइव्ह?" "इझिली." काकांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "दोन वर्षं टिकणारं काही आहे का तुमच्याकडे?" त्या माणसानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण कमी टिकणारं दार मागणारं हे पहिलंच. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. ऑर्डर कॅन्सल झाली.

असं वर्ष गेलं. पुढच्या जूनमध्ये एका दुपारी धाडकन आवाज आला. दाराची स्प्रिंग तुटली होती आणि दार अर्ध्यावर, तिरकं अडकलं होतं. तीन दिवस ऊन थेट खोक्यांवर पडत राहिलं. चौथ्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं: महिनाभरात दार बदला, रंग सोबतच्या यादीतला. यादीत सात रंग होते आणि सातही वाळूचेच. काका पत्र घेऊन गराजमध्ये बसले. काकू आल्या आणि त्यांनी पहिलं खोकं फोडलं. आतला मिक्सर इतक्या वर्षांत प्रथमच बाहेर आला. त्याच्या भांड्याचं प्लास्टिकचं झाकण वाकून पन्हाळीसारखं झालं होतं आणि रबराच्या रिंगा बोट लावताच तुटल्या.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "हा तर न जाताच म्हातारा झाला."

काका झाकण हातात घेऊन ते सरळ करायचा प्रयत्न करत राहिले. ते होत नव्हतं. कांदा त्यांच्या खिशातून घरंगळला तरी त्यांनी उचलला नाही. हा माणूस परत जाण्याविषयी खोटं बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्याला फक्त 'जात नाही' हे शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हते. मला फार वाटलं की काहीतरी बोलावं. "काका," मी म्हणालो, "परत जायचं झालं की घर विकावं लागेल ना. लोक आधी गराजचं दारच बघतात म्हणे. चांगलं असलं तर घर लवकर जाईल."

काकांनी मान वर केली. "म्हणजे विकायसाठी घ्यायचं?"

"हो. तसंच."

"हे पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. मग काकूंकडे वळून, जरा चढ्या आवाजात, "ऐकलं का? पोरगं शिकलेलं आहे." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "शिकलेलं आहेच," त्या म्हणाल्या, आणि यादीतल्या सात वाळूंमधल्या एकीवर बोट ठेवून ती तिथल्या तिथे निवडली.

दार बसलं त्या दिवशी काकांनी दुपारी चार वाजता तळहात लावला आणि मोजायला सुरुवात केली. चाळीस झाले, साठ झाले, शंभर झाले. शंभरानंतर त्यांनी मोजणं सोडलं, पण हात तसाच ठेवला. त्या संध्याकाळी काकूंनी डिनर सेटचं खोकं घरात ओढून नेलं. "न्यायच्या आधी तडा गेलाय का बघते," त्या म्हणाल्या, आणि गुलाबी फुलांच्या ताटात आम्ही वरण-भात जेवलो. काकांनी हरकत घेतली नाही. पुन्हा भात मागून घेतला. पुढच्या महिन्यात एवढी खोकी घरात गेली की गाडी आत आली.

शिक्षण संपवून मी नोकरीसाठी नेपरव्हिलला आलो त्याला आता बरेच हिवाळे झाले. इथे गराजच्या दाराबाहेर बर्फ साचतो आणि आत एका कोपऱ्यात माझंही एक खोकं आहे, कारंज्याला न्यायचं. त्याविषयी मी कोणाला फारसं सांगत नाही. काकांना दर जूनमध्ये फोन करतो. ते आधी तापमान सांगतात, मग मी ठरलेला प्रश्न विचारतो, "दार कसं आहे, काका?"

"दाराला काय धाड भरली?" ते म्हणतात. "अजून दोन वर्षं आरामात काढते."