नाकाबंदीच्या अलीकडे थांबणारा कंटेनर

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. निवृत्त माणसाला दोन्ही परवडतं, म्हणून लिहितो. नाव कुणाचंच घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात, घाटावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. अशा दिवशी निम्मे कर्मचारी बंदोबस्ताला, दोघे बुलढाणा-धाड रस्त्यावरच्या नाकाबंदीला आणि उरलेले पाकीटमारीच्या तक्रारी लिहायला असतात. अकराच्या सुमारास तिशीतली एक बाई आत आली. बुलढाण्यात शिवणकाम करायची. तिचे वडील कंटेनरवर ड्रायव्हर. या रस्त्यावर सगळे त्यांना चाचा म्हणत.

"साहेब, अब्बाचा फोन नऊपासून बंद येऊन राह्यला. ते कुठं बी गेले तरी दर दोन घंट्याले मले फोन करतेत. त्याहीले शुगर हाय. जेवण चुकलं का चक्कर येते."

चाचा सकाळीच बुलढाण्याजवळच्या एका गोदामातून हळदीचा कंटेनर घेऊन निघाले होते. शेतकऱ्यांच्या एका कंपनीचा माल, पहिल्यांदाच परदेशी चाललेला. धाडमार्गे संभाजीनगर, तिथून मुंबईचं बंदर आणि पुढे जहाज. हल्ली असा कंटेनर मोकळा सोडत नाहीत. दाराला सील ठोकलेलं असतं आणि लोखंडी अंगाला चुंबकाने चिकटवलेली जीपीएसची एक डबी असते. गाडी कुठे आहे ते ती डबी सतत कळवत राहते. दूर शहरातल्या एका खोलीत बसलेली माणसं अशा शेकडो गाड्या पडद्यावर बघत असतात.

मी त्या खोलीत फोन लावला. तिथल्या तरुणाने तत्परतेने सांगितलं, "सर, गाडी हिरवी आहे. चालू आहे, ठरलेल्या रस्त्यावर आहे. कुठलाही अलर्ट नाही."

मी फोन ठेवला आणि बाईंना म्हणालो, "गाडी व्यवस्थित चाललीय. चार्जिंग संपलं असेल. बसा थोडं."

ती जागची हलली नाही. "गाडी चालू हाय म्हंता साहेब, पण गाडी फोन उचलते का?"

उत्तर नसलं की पोलीस कागद चाळतो, मीही चाळले. ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाजारातली दोन भांडणं, एक हरवलेली बकरी आणि वरिष्ठांचे तीन फोन यात दोन तास गेले. एक वाजता डबा खायला उठलो तेव्हा ती बाकावरच होती, हातात फोन धरून, पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत. माझ्या हातात डबा आणि समोर ती. तेव्हा कुठे मला माझीच चीड आली.

मी त्या तरुणाला पुन्हा फोन केला. "हिरवी आहे ते कळलं. पण आत्ता आहे कुठे?"

"सर... बुलढाणा आणि धाडच्या मध्ये."

"सकाळी निघालेली गाडी एक वाजता अजून इथेच?"

"ट्रॅफिक असेल, सर."

धाड रोडवर ट्रॅफिक! बाजाराच्या दिवशी बकऱ्या आडव्या येतात, तेवढंच काय ते ट्रॅफिक. मी सकाळपासूनचा सगळा प्रवास ठाण्याच्या संगणकावर मागवला आणि बाईंना आत बोलावून शेजारी बसवलं. पाहतो तो काय, कंटेनर धाडला गेला होता, परत बुलढाण्याला आला होता, पुन्हा धाडला गेला होता. रस्ता ठरलेलाच, आणि एका जागी तासभर मुक्काम कुठेच नाही, म्हणून यंत्राने तोंड उघडलं नव्हतं. प्रत्येक फाट्यावर मात्र मिनिटभर थांबा होता. धाडला त्याहून मोठा.

आणि एक गंमत होती. आमच्या नाकाबंदीच्या थोडं अलीकडे तो ठिपका थांबायचा, सावकाश पुढे यायचा आणि नाकाबंदी ओलांडली की पुन्हा थांबायचा. प्रत्येक फेरीला.

माझा हवालदार खांद्यावरून बघत होता. तो म्हणाला, "साहेब, हे कंटेनर नाही. हे तं काळीपिवळी जीप हाय."

आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. या जीपा भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि भरल्यावरही आणखी भरतात. पोलीस दिसायच्या आधी जादा प्रवासी उतरतात, नाकाबंदी पायी ओलांडतात आणि पुढे जाऊन पुन्हा चढतात. आम्हालाही ते ठाऊक असतं, त्यांनाही ठाऊक असतं की आम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र तोच लबाडपणा आमच्या कामी आला. डबी जीपमध्ये होती. मग कंटेनर कुठे होता, आणि चाचा कुठे होते?

बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मी त्यांची तक्रार तिथल्या तिथे नोंदवून घेतली आणि निघालो.

ठिपक्यावरून जीप सापडायला वीस मिनिटं लागली. मागच्या सीटखाली डबी चिकटलेली होती. जीपवाला पंचविशीतला, बोलण्यात पटाईत. "मले काय माहीत साहेब, कोण्या पॅसेंजरचं असंन." मी विचारलं, फिरवून विचारलं, पठ्ठ्या दाद देईना. शेवटी आतमधून बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेली एक म्हातारी कडाडली.

"काऊन खोटं बोलून राह्यला बे? सकाळी तं मले म्हणे, आजी, नवीन मशीन बसवलं, आता गाडी डिझेल कमी पेते! सांग ना, आम्हाले गावले जायचं हाय."

सगळी जीप त्याच्यावर तुटून पडली. इतकी वर्षं चौकशा केल्या, पण भरलेल्या जीपसारखा तपास अधिकारी मी पाहिला नाही. जीपवाल्याने मान खाली घातली. रस्त्यावरच्या एका मॅकेनिकने सकाळी ती डबी लावली होती. यानं मायलेज वाढतं, फक्त गाडी एका जागी फार वेळ उभी करू नको, असं बजावलं होतं. त्यावर विश्वास ठेवला हे कबूल करायची त्याला अटकेपेक्षा जास्त शरम वाटत होती.

मॅकेनिकला मी ठाण्यात आणलं. हा मात्र कच्चा गडी नव्हता. कंटेनर दुरुस्त करता करता डबीचे सगळे नियम त्याने शिकून घेतले होते. मी आवाज चढवला नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. ओरडणाऱ्या पोलिसासमोर माणूस टणक होतो, हा माझा अनुभव आहे.

"चाचा तुझ्याकडे किती वर्षं येतात?"

"धा-बारा वर्षं झाली असतीन."

"त्यांना शुगर आहे, माहीत आहे?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"हळद पुढच्या साली पुन्हा येईल. माणूस गेला तर येणार नाही, आणि मग तुझ्यावर कलमही वेगळं लागेल. काय दिलंस त्यांना?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर बाकावर चाचांची मुलगी बसलेली दिसत होती. मग तो बोलला. "चहात झोपेच्या गोळ्या टाकल्या साहेब. मारलं नाही, आईची आन. गाडी दुसऱ्यानं नेली. वडनेर भोलजीच्या अलीकडं कोंबड्यांचं बंद पडलेलं शेड हाय, तिथं. रात्री माल उतरवनार होते."

वडनेर घाटाखाली, आमच्यापासून दोन तासांवर. मी तिकडच्या ठाण्याला फोन केला आणि सांगितलं की आधी माणूस, मग माल, आणि जाताना सोबत डॉक्टर घ्या. त्यानंतरचा पाऊण तास मी खुर्चीत बसू शकलो नाही.

फोन वाजला. शेडमध्ये दोघे पकडले गेले होते. कंटेनरचं सील शाबूत होतं. ती हळद पुढे जहाजावर चढली. आणि चाचा? केबिनमध्ये मागच्या फळीवर पडलेले होते. अर्धवट शुद्धीत, घामाने भिजलेले, पण जिवंत. डॉक्टरांनी त्यांना लगेच सांभाळलं होतं.

थोड्या वेळाने तिकडच्या अधिकाऱ्याने फोन चाचांच्या हातात दिला. मी आवाज मोठा करून फोन बाईंसमोर ठेवला. पलीकडून जड झालेला आवाज आला, "बेटी, तू जेवली का?"

दिवसभर ताठ बसलेली ती बाई तिथे कोसळली. टेबलावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली आणि रडता रडताच म्हणाली, "हाव अब्बा, जेवली."

ती खोटं बोलत होती. सकाळपासून ती माझ्याच बाकावर उपाशी बसली होती. पाणी घेतलं का, एवढंही मी विचारलं नव्हतं. तीन तालुके पलीकडे पडलेल्या, धड शुद्धीतही नसलेल्या माणसाला जे सुचलं, ते मला दोन तासांत सुचलं नव्हतं. मी हवालदाराला माझा डबा आणायला सांगितला. त्यांनी नको नको म्हणत अर्धी भाकरी खाल्ली. त्या खात असताना मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात फिर्यादीची माफी मी तेवढी एकदाच मागितली.

त्या गुन्ह्याच्या तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. घरी ते भिंतीवर आहे, नातवंडं वाचतात. पण माझ्या हिशेबी तो तपास त्या बाईंनी अकरा वाजताच केला होता. मी तो एक वाजता ऐकून घेतला. डबी कुठे आहे हे यंत्राने बरोबर सांगितलं होतं, त्याची काहीच चूक नव्हती. माणूस कुठे आहे हे मी त्याला विचारत बसलो, ही चूक माझी. चाचांच्या जागी थोडा अशक्त माणूस असता, तर ते दोन तास मला जन्मभर पुरले असते.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात बाहेरच्या बाकावर कुणाला वाट बघत बसवलं नाही. आलेल्या माणसाला आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि त्याचं बोलणं संपल्यावरच फोन उचलायचा.